मोफत वकील हवाय? कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

कोर्टाच्या फाटकाशी लिंबाखाली टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टने आमच्याकडून अर्जाचे ३०० रुपये घेतले. तोच अर्ज आत, पन्नास पावलांवर, फुकट मिळत होता. छापील, मराठीत, आणि लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला माणूसही होता. वर टायपिस्टने विषयातच घोळ घातला होता. ‘सरकारी वकील मिळणेबाबत’ असं त्याने टाईप केलं. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतो. आपल्याला हवा असतो तो विधी सेवेचा वकील. फी त्याची सरकारी पैशातून जाते, पण तो आपला असतो.

धाकट्या बहिणीच्या पोटगीच्या केसला मी पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर फिरले. मी शिवणकाम करते, वडील दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. खाजगी वकिलाने आधी २५ हजार सांगितले तेव्हा आम्ही घरीच परतलो होतो. मोफत वकील मिळतो हे कळायला सहा महिने गेले, आणि मिळाल्यावरही केस आपल्यालाच सांभाळावी लागते हे कळायला आणखी चार. ते दहा महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. उदाहरणं पोटगीची आहेत, पण जमिनीचा वाद असो, मजुरी थकलेली असो की फौजदारी केस, अर्जाची वाट एकच आहे.

१. तुम्ही बसता का ते पाहा

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत मदत मिळते ते दिलंय:

- महिला आणि मुलं
- अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती
- दिव्यांग व्यक्ती
- औद्योगिक कामगार
- वेठबिगारी किंवा माणसांच्या व्यापाराला बळी पडलेले
- पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा संकटात सापडलेले
- कोठडीत किंवा तुरुंगात असलेले
- यांपैकी कशातच न बसणारे, पण उत्पन्न कमी असलेले

उत्पन्नाची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या केससाठी ५ लाख. ही मर्यादा फक्त शेवटच्या गटाला लागते. बाईला, मुलाला, अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न विचारायचंच नाही. बहिणीला तीन वेगवेगळ्या लोकांनी “आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा” असं सांगितलं आणि आम्ही तलाठ्याकडे दोन खेपा घातल्या. दोन्ही वाया. तुम्ही बाई असाल आणि कुणी दाखला मागितला, तर “कलम १२ मध्ये महिलेला उत्पन्नाची अट नाही” एवढं वाक्य शांतपणे म्हणा. मी नंतर म्हणायला लागले, फरक पडतो.

आणि उत्पन्नाच्या गटातून अर्ज करत असाल तरी दाखल्यासाठी अडून बसू नका. उत्पन्नाबद्दलचं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यावर शंका घ्यायला कारण नसेल तर. ते प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करायला लावणारे बाहेर पुष्कळ भेटतील. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करा.

२. कुठे जायचं

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. उच्च न्यायालयातल्या केससाठी तिथली वेगळी समिती. पाटी सहसा कोपऱ्यात असते, त्यामुळे शिपायाला विचारा, “विधी सेवा कुठंय?” फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. आमची पहिली खरी माहिती तिथूनच मिळाली.

आत गेल्यावर बहुतेक वेळा विधी स्वयंसेवक भेटतात. त्यांना सगळे पीएलव्ही म्हणतात. ते वकील नसतात. अर्ज लिहून देणं, कुठल्या खोलीत जायचं ते सांगणं, कागद बघणं ही त्यांची कामं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. त्यांच्यामुळे काय फरक पडला ते चौथ्या पायरीत सांगते.

सरकारी व्यवस्थेशिवाय संस्थाही आहेत. मुंबईत मजलिस ही संस्था १९९१ पासून आहे. तिथल्या महिला वकील महिला आणि मुलांच्या केसेस लढतात. तुरुंगातल्या माणसांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून काम करतोय. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो आता महाराष्ट्रभर पोहोचलाय. तिथे वकील नसतो, समाजकार्यकर्ती असते. पण घरात मारहाण होत असेल तर कोर्टाआधी तिथे जाणं शहाणपणाचं, कारण तुम्ही काय सांगितलंत त्याची लेखी नोंद राहते आणि ती पुढे उपयोगी पडते. जवळ विधी महाविद्यालय असेल तर तिथलं विधी सहाय्य केंद्रही बघा. विद्यार्थी केस चालवू शकत नाहीत, पण कागद समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ असतो. वकिलाकडे तो कधीच नसतो.

एक सावधगिरी. ‘आमची संस्था आहे, फक्त नोंदणीचे दोन हजार द्या’ म्हणणारा एक माणूस आम्हाला कोर्टाच्या चहाच्या टपरीवर भेटला होता. टपरीवर भेटणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.

३. पिशवीत काय काय हवं

- आधार कार्ड, रेशन कार्ड
- कलम १२ मधल्या ज्या गटातून अर्ज करताय त्याचा पुरावा: जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र
- दोन-चार पासपोर्ट फोटो
- आधीची कोर्टाची नोटीस किंवा समन्स आलं असेल तर ते, पाकिटासकट. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख महत्त्वाची असते
- पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत
- पोटगीसाठी: लग्नाचा पुरावा (नोंदणी नसेल तर पत्रिका आणि फोटो चालतात), मुलांचे जन्मदाखले, शाळेची फी, दवाखान्याचे कागद
- नवऱ्याच्या कमाईचं जे काही हाताला लागेल ते

शेवटच्या ओळीवर थोडं थांबते. २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. समोरचा माणूस तिथे ‘मी बेरोजगार’ असं लिहितो. आमच्या मेहुण्यानेही लिहिलं. तेव्हा कामाला आला तो सातबारा, आणि त्याच्या पिकअप गाडीचा फोटो. गाडीच्या मागच्या काचेवर त्याने स्वतःच स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर रंगवून घेतला होता, ‘भाड्याने मिळेल’ म्हणून. पगाराची चिठ्ठी मिळणार नाही, पण माणूस कमावतो त्याच्या खुणा गावात कुठे ना कुठे असतात. शोधा.

कुठलाही मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी आपल्या वकिलाच्याही, जोपर्यंत कोर्टच मागत नाही. तीन-तीन झेरॉक्स आणि मूळ प्रती घरी ट्रंकेत.

४. तारखांचा कागद

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते कुणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी बहीण त्या शिक्षिकाबाईंसमोर बसली आणि बोलायला लागली. सासू काय म्हणाली, दिवाळीला काय झालं, मग रडली, मग परत सासू. अर्धा तास गेला. बाईंनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बाळा, हे सगळं खरंय. पण जजसाहेबांपुढे तुझ्या वकिलाला पाच मिनिटं मिळणार. घरी जा आणि एका कागदावर फक्त तारखा लिहून आण.”

आम्ही रात्री जेवणानंतर बसलो. लग्न कधी झालं. पहिली मारहाण कधी. मुलगी कधी झाली. घरातून कधी काढलं. शेवटचे पैसे त्याने कधी दिले. तारीख आठवत नसेल तिथे ‘२०२१, गणपतीत’ असं लिहिलं. समोर एका ओळीत काय झालं ते, आणि त्याच्यापुढे पुरावा: ‘दवाखान्याची चिठ्ठी आहे’, ‘मामांना माहीत’, ‘काही नाही’. बावीस ओळी झाल्या. त्या लिहिताना बहिणीच्या लक्षात आलं की शेवटची मारहाण तिने आईला व्हॉट्सॲपवर फोटो टाकून कळवली होती. तो फोटो आईच्या फोनवर होता. तीन महिन्यांत तो फोन बिघडला, पण आम्ही तोवर फोटो काढून ठेवला होता.

हा कागद करूनच वकिलाकडे जा. त्याची प्रत प्रत्येक नव्या माणसाला द्या. वकील बदलला तरी केस बदलत नाही ती या कागदामुळे.

आणखी एक: लिहिताना वाढवून लिहू नका. एक चापट झाली असेल तर एकच. उलटतपासणीत एक खोटं निघालं की वीस खरी वाया जातात.

५. अर्ज द्या, पोच घ्या

अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला माणूस लिहून घेतो. संकेतस्थळावरूनही करता येतो, पण पहिल्या वेळी प्रत्यक्ष जा.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कारण असं: विधी सेवेच्या २०१० च्या नियमांप्रमाणे अर्जावर ताबडतोब, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. पोच नसेल तर ते सात दिवस मोजणार कुठून? आमचा पहिला अर्ज “साहेबांच्या टेबलावर आहे” या एका वाक्यावर पाच आठवडे राहिला, कारण आमच्याकडे पोच नव्हती. दुसऱ्या अर्जाला पोच घेतली आणि आठव्या दिवशी ती दाखवली. त्याच आठवड्यात वकील नेमल्याचं पत्र आलं.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. त्यावर त्या समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

मुदतीचं काम असेल, म्हणजे नोटिशीला उत्तर द्यायचंय किंवा अपिलाचे दिवस संपत आलेत, तर ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. घरगुती हिंसाचाराच्या केसमधल्या आदेशावर अपिलाला ३० दिवस असतात. ते रडण्यात निघून जातात.

६. वकील मिळाला. आता?

पॅनेलवरचे, म्हणजे विधी सेवेच्या यादीतले, वकील सगळे वाईट असतात असं बाहेर ऐकाल. तसं नाही. आमच्या वकील मॅडम तरुण होत्या, अभ्यास करून यायच्या. पण त्यांच्याकडे आमच्यासारख्या कितीतरी केसेस होत्या. त्यामुळे काही गोष्टी आपणच करायच्या.

वकीलपत्रावर सही करा, कोऱ्या कागदावर नको. “नंतर टाईप करून घेतो” असं म्हटलं तरी नको. जो अर्ज कोर्टात जाणार तो आधी मराठीत वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. आमच्या अर्जात मुलीचं वय सहाऐवजी सोळा पडलं होतं.

पैसे द्यायचे नाहीत. फी नाही, झेरॉक्सचे नाहीत, ‘मुन्शीला चहापाणी’ही नाही. विधी सेवेच्या वकिलाने पक्षकाराकडून कसलाही मोबदला घेऊ नये असा नियमच आहे. कोर्ट फी, टायपिंग, आदेशाच्या नकला यांचा खर्चही विधी सेवेत येतो. महिलांना तर पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफच आहे. कुणी मागितलेच तर भांडू नका. “कार्यालयात विचारून देते” म्हणा. आम्ही एकदा असं म्हटलं, पुन्हा विषय निघाला नाही.

वकील फोन उचलत नाहीत ही सगळ्यात मोठी तक्रार. दुपारी कोर्ट चालू असताना लावाल तर उचलणार कसे? सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सहानंतर लावा, आणि आधी एक मेसेज टाका: केस कोणाची, पुढची तारीख कोणती, काय विचारायचंय. हे करूनही सलग दोन तारखांना वकील आले नाहीत, तर ज्या कार्यालयाने नेमले तिथे लेखी द्या. केसेसवर देखरेख करायला तिथे समिती असते आणि वकील बदलून मिळतो. नेमण्याआधी पॅनेलमधल्या एखाद्याचं नाव सुचवताही येतं. आम्हाला हे माहीत नव्हतं.

७. तारखेचा दिवस

केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतला केसचा ओळख क्रमांक, पहिल्याच दिवशी घ्या. तो १६ अक्षरांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. मोबाईल चालवणारं पोर घरात असतंच.

सकाळी बाहेर लावलेला बोर्ड बघा, आपला नंबर कितवा ते. मग दाराजवळच बसा. पुकारा एकदाच होतो, आणि बाहेर चहाला गेलात की नेमका तेव्हाच होतो. बहीण अशीच एकदा मुलीला बाथरूमला घेऊन गेली. परत आली तर ‘अर्जदार गैरहजर’ अशी नोंद पडलेली. वकील मॅडम धावत आल्या म्हणून निभावलं. दोन-तीन वेळा असं झालं तर अर्ज काढूनही टाकू शकतात.

संध्याकाळी वहीत लिहा: आज काय झालं, पुढची तारीख, पुढच्या वेळी काय न्यायचं. तारीख पडली म्हणजे काही झालं नाही असं समजू नका, आणि झालंच असेल असंही नाही. वकिलाला विचारा, “आज कशासाठी होती?”

केस कुठे दाखल करायची याचाही प्रश्न असतो. पोटगीचा अर्ज बाई आता जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो, सासरच्या तालुक्यात जावं लागत नाही. पोटगीचं कलम आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून तेच नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. दोन्ही नावं ऐकाल, गोंधळू नका. पोटगी सहसा अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, हेही त्या २०२० च्या निकालातलंच. म्हणून अर्ज लवकर. आमचे सहा महिने गेले ते पैशातही गेले.

८. लोकअदालत: सही करण्याआधी

तारखा चालू असताना मध्येच विचारतील, “लोकअदालतीत मिटवायचं का?” वाईट नाही ते. लवकर सुटतं, आणि कोर्ट फी भरली असेल तर परत मिळते. पण तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. सही झाली की झाली.

आमच्यावर दबाव आला तो कोर्टातून नाही, तर नात्यातूनच. “पोरीचं आयुष्य आहे, एकरकमी घे आणि मोकळी हो.” आकडा होता दीड लाख, मुलीसकट. बहिणीने मॅडमना विचारलं, “मुलीचे पैसे यात धरले तर तिच्या शिक्षणाचं काय?” त्या म्हणाल्या, “सही करू नकोस, घरी जाऊन हिशेब कर.” घरी वहीत शाळेची फी, एसटीचा पास, दवाखाना मांडला तर तीन वर्षंही पुरत नव्हते. नाही म्हटलं. नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यावर केस आहे तिथून पुढे चालते. तडजोड करायचीच असेल तर प्रत्येक अट आकड्यात आणि तारखेत लिहून घ्या. ‘सुखाने नांदवीन’ ही अट नाही.

९. घरातलं कुणी अटकेत असेल तर

इथे उत्पन्न, जात, काहीच बघत नाहीत. कोठडीतला प्रत्येक माणूस पात्र. पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभं करतात तेव्हाच “मला वकील नाही, विधी सेवेचा द्या” असं त्याने स्वतः म्हणायचं. बऱ्याच जिल्ह्यांत आता फौजदारी केसेससाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. शिक्षा झाल्यावरच्या अपिलालाही मोफत वकील मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं ते १९७८ च्या होस्कोट केसमध्ये, आणि ती केस महाराष्ट्रातलीच होती.

१०. आदेश हातात आल्यावर

आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागा, दोन प्रती. आमच्याकडे अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या, पोटगीचा आदेश झाल्यावर सगळे पेढे वाटून मोकळे झाले. पैसे मात्र आले नाहीत. पहिला महिना, दुसरा महिना.

आदेश झाला म्हणजे पैसे खात्यात पडत नाहीत. थकले तर वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. वर्ष उलटलं तर त्या रकमेसाठी या वाटेने वॉरंट निघत नाही. “देईल नंतर” म्हणून वाट बघणाऱ्या बायकांचे पैसे असेच बुडतात. वॉरंट निघूनही दिले नाहीत तर दर थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्याच विधी सेवा कार्यालयात जा, वसुलीसाठी वकील हवा असं लिहून द्या, आणि हो, पोच घ्या.

बँक खातं फक्त पोटगीसाठी वेगळं उघडा. बहिणीने पोस्टात उघडलंय. दर महिन्याच्या दहा तारखेला ती पासबुक भरून आणते आणि वहीत आलेल्या रकमेपुढे टिक मारते. गेल्या वर्षी दोन महिन्यांपुढे फुली होती. तिसऱ्याची वाट न बघता ती एकटीच कोर्टात गेली. मी तेव्हा मशीनवर होते, संध्याकाळी आल्यावर तिने शिक्का मारलेली प्रत दाखवली.